पोत्याची राखण

३ फेब्रुवारी

ती. पीटीबाईंच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. तो कागदावरच गोड मानून घे. खरा घालायला जमिनीवर आडवी झाले की पाठीवर लगेच एक स्वार चढतो, आणि मग घोड्याला स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारून आल्याशिवाय सुटका नसते.

तुझं पत्र मिळालं आणि त्यातली काडीमाणसंही मिळाली. एक हात वर केलेला, एक वाकून अंगठे धरलेला, एक एका पायावर उभा राहून वर हसणारा. शाळेतल्या पोरांना तू शिट्टी वाजवून पळवतेस ते ठीक आहे ताई, पण बहिणीला पोस्टाने पळवायचं म्हणजे फारच झालं. तरी मी तो कागद शिलाई मशीनच्या वर भिंतीला टाचला. भिंगरीने मशीनवर चढून माझ्या खडूने सगळ्या काडीमाणसांना शेपट्या काढल्या. आता ती व्यायाम करणारी माकडं दिसतात.

तुझ्या सूचनांचं म्हणशील, तर मूल झोपलं की आईनेही झोपावं, हे वाचून मी बराच वेळ हसले. मूल झोपलं की आईने कपडे धुवावेत, लोकांच्या पँटी आखूड कराव्यात, जॅकेटांच्या चेन बदलाव्यात आणि गिऱ्हाइकाने बेल वाजवू नये म्हणून दाराकडे कान लावून बसावं. जेवण बसून, चावून, सावकाश करावं म्हणतेस. तिने अर्धं खाऊन उशीखाली लपवलेलं केळं हे माझं फळ. तिने चोखून परत केलेला ब्रेड हा माझा नाश्ता. तो चावायची गरजच पडत नाही. आणि मोकळ्या हवेत चालायचं ना? चालते की! ती पळते, मी चालते. बागेतल्या बाकांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी माझी आता चांगली ओळख झाली आहे, कारण त्यातला एकेक बाक मी घासून गुळगुळीत केला आहे.

पोरगी म्हणजे खरोखर भिंगरी. ज्याने हे नाव ठेवलं त्याला, म्हणजे तिच्या बापाला, आमच्या लिफ्टवाल्याला, आता पश्चात्ताप होतो. सकाळी डोळे उघडले की पाय आधी जमिनीला लागतात, आवाज नंतर फुटतो. स्टूल ओढत नेऊन दाराची कडी काढायला शिकली आहे. परवा मी टाके उसवत होते तेवढ्यात ही खालच्या काकूंच्या दारात जाऊन उभी. काकू तिला वर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं." त्यांचा आमच्यावर राग आहेच. डोक्यावर दिवसभर धपाधप चालतं म्हणून त्या झाडूच्या दांड्याने छताला ठोकतात, आणि भिंगरीला वाटतं की त्या आपल्याशी बोलताहेत, म्हणून ती उड्या मारून उत्तर देते.

मी फोन करत नाही म्हणून तू रुसली आहेस. माझा फोन तिने बादलीत बुडवला, हे खरं आहे. आणि पत्र लिहायला मला आवडतं. मशीनवर कागद ठेवायचा, मध्येच उठावं लागलं तर उठायचं, परत येऊन वाक्य पुरं करायचं. समोरचा माणूस "मग पुढे?" म्हणून खोळंबत नाही.

आमच्या घरी एक नवा खेळ निघाला आहे. तुझ्या शाळेत घेण्यासारखा आहे, म्हणून सांगते. त्याचं नाव "पोतं पडलं". मी म्हणते, "पोतं पडलं!" आणि जमिनीवर आडवी होते. मग भिंगरीने यायचं, पोत्यावर बसायचं आणि राखण करायची. पोतं हलेपर्यंत उठायचं नाही. उठली तर चोर पोतं घेऊन जातो. तुझा विश्वास बसणार नाही, पण ही मुलगी, जी जेवताना बसत नाही, केस विंचरताना बसत नाही, शी करतानासुद्धा अर्धी उभी असते, ती पोत्यावर बसली की पुतळ्यासारखी बसते. माझ्या पोटावर तिचं ते ऊबदार ओझं, आणि दोन्ही मुठींत माझी कॉलर. मला थोडा आराम मिळतो आणि तिचेही पाय थोडा वेळ जागेवर राहतात.

लिफ्टवाला बरा आहे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः जिन्याने वर येतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हा विनोद तो आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतो. मला मात्र जिना आवडायला लागला आहे. प्रत्येक वळणावर थांबायचं, भिंगरीला खिडकीतून खालच्या गाड्या दाखवायच्या, निळी कुठे, लाल कुठे विचारायचं. तिचं रंगांचं शिक्षण सगळं जिन्यातच झालं.

माझी तब्येत विचारलीस. लहान मूल असलेल्या बाईची असते तशीच आहे. संध्याकाळी पाय जरा सुजतात. उशांचा डोंगर करून झोपते, म्हणून लिफ्टवाला मला राणीसाहेब म्हणतो. बाकी काही नाही.

बागेत न्यायची वेळ झाली. ती बूट घेऊन दारात उभी आहे, माझेही आणि तिचेही, आणि चारही बूट उलट्या पायांचे.

तुझी,
धाकटी

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

स.न.वि.वि. तुझं उत्तर लगेच आलं. एवढ्या लवकर आलं की मी आधी घाबरलेच, तुलाच काही झालं की काय.

तू विचारतेस, खेळात मी पडते कशी, आधी बसून मग आडवी होते की उभ्याचीच कोसळते? पाठीवर की तोंडावर? शाळेच्या मैदानावर कोणी पडलं की पंचांनी विचारावं तशी ही चौकशी झाली ताई. खेळ आहे तो. खेळात माणूस कसंही पडतं.

इकडची बातमी म्हणजे भिंगरी शहाणी झाली. खरंच सांगते. परवापासून बागेत चल म्हटलं तर नको म्हणते. माझ्या मशीनच्या पायाशी बसून रिळं लावत असते, लाल एकीकडे, पांढरी एकीकडे, आणि अधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघते. हाताला धरून घरात फिरवते. मी न्हाणीघरात गेले तर दाराबाहेर बसून राहते. लिफ्टवाला तर खूश आहे. "बघ, पोरीला आपोआप समज आली," म्हणतो. गिऱ्हाइकं म्हणतात किती गुणी मुलगी आहे हो तुमची, नशीबवान आहात. मी हो म्हणते.

मध्ये घरात एक छोटासा घोटाळा झाला. मी पँट इस्त्री करत होते आणि इस्त्री तशीच पालथी राहिली. पँट जळली, टेबलावरची चादर जळली, थोडा धूर झाला. कोणाला काही लागलं नाही. कामाच्या गडबडीत इस्त्री विसरणं हे आमच्या धंद्यात सगळ्यांकडून होतं. लिफ्टवाल्याने इस्त्री उचलून कपाटाच्या वर ठेवली आहे आणि आता मी त्याच्यापुढेच ती वापरायची असा हुकूम निघाला आहे. पँटवाल्या गिऱ्हाइकाने समजून घेतलं. खालच्या काकू धुराचा वास येऊन वर आल्या होत्या, त्यांनी खिडक्या उघडल्या. तेव्हापासून त्या रोज येतात. साखर मागायला येतात, वर्तमानपत्र द्यायला येतात, मांजर वर आलं का बघायला येतात. त्यांना मांजर नाही.

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. "सुट्टी लागली की भिंगरीला माझ्याकडे पाठव, आमच्या शिशुवर्गाच्या बाईंशी बोलून ठेवलंय, मैदान मोठं आहे, तुलाही जरा विश्रांती मिळेल," वगैरे वगैरे. तू मायेने लिहिलंस हे मला कळतं. पण ताई, भिंगरी कुठेही जाणार नाही. थोड्या दिवसांसाठीही नाही. मुलं दमवतात, मुलांमुळे आयांची पाठ जाते, झोप जाते, केस गळतात, म्हणून कोणी ती पोस्टाने बहिणीकडे पाठवत नाही. तुला मूल नाही म्हणून तुला हे सोपं वाटतं.

शेवटचं वाक्य खोडायला हवं. पण खोडलं तरी तू उजेडापुढे धरून वाचशील, म्हणून तसंच ठेवते. माफ कर.

दोन दिवसांपूर्वी ही ओळ लिहून थांबले होते, आज पुढे लिहिते आहे. राग घालव. काडीमाणसं अजून भिंतीवर आहेत. मी त्यातला हात वर करणारा व्यायाम करून बघितला. डावा हात वर जातो, उजवाही जातो, मग थोडं बसावं लागतं.

उत्तर पाठव. रागावून पाठवलंस तरी चालेल.

धाकटी

१५ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या हातात हे पत्र पडेल तेव्हा तू खुर्चीत बस. शाळेत असलीस तर वाचू नकोस, घरी ने.

आधी लहान खोटं सांगून टाकते. फोन केव्हाच दुरुस्त झाला. बादलीतून काढून लिफ्टवाल्याने दुसऱ्याच दिवशी चालू केला होता. तुझ्याशी बोलताना वाक्याच्या मध्येच मला दम लागतो, आणि तू आयुष्यभर पळणाऱ्या पोरांचा श्वास ऐकत आली आहेस. तुला पहिल्या मिनिटात कळलं असतं. म्हणून पत्र. लिहिताना माणूस किती वेळा थांबला ते कागदावर दिसत नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. उभ्याची कोसळते. कधी पाठीवर, कधी कुशीवर.

हे केव्हा सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला कारण हजर होतं. दम लागतो? मूल पळायला लागलं की सगळ्याच आयांना लागतो. पाय सुजतात? दिवसभर उभं राहिल्यावर सुजणारच. रात्री सपाट झोपवत नाही? पाठ धरली असेल, मूल कडेवर घेऊन घेऊन. थकवा? त्यावर तर लोक हसतात. बागेतल्या बायका एकमेकींना थकवाच सांगत असतात, त्यात माझा कुठे वेगळा उठून दिसणार? मी कोणाला काही सांगायला गेले की समोरची म्हणायची, "अगं, माझंही अगदी तस्संच." मग मला बरं वाटायचं. तस्संच आहे म्हणजे काही नाही.

पहिल्यांदा घेरी आली तेव्हा भिंगरी पाळण्यात होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा ती चालत होती. मला जाग आली आणि ती खोलीत नव्हती. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटातून तिने सगळं काढलं होतं आणि साबणाची बाटली हातात होती, झाकणासकट. झाकण निघालं नाही म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं की मी पडले की ही माझ्यापाशीच राहिली पाहिजे. खुर्चीला बांधता येत नाही, दार लावून घेता येत नाही, मी पडणार केव्हा हे मला तरी कुठे माहीत असतं? मग तो खेळ काढला. आधी मी मुद्दामच पडायचे, रोज, तिच्या अंगवळणी पडावा म्हणून. पोतं पडलं, राखण कर, हललं की पोत्याला गुदगुल्या. हसत हसत शिकवला ताई. फार लवकर शिकली.

खरी घेरी येण्याआधी मला थोडा अवधी मिळतो. कानात पाणी गेल्यासारखं होतं. तेवढ्यात मी म्हणते, "पोतं पडलं!" आणि ती कुठेही असली तरी धावत येते. जाग येते तेव्हा पोटावर बसलेली असते. मला वाटायचं, काय हुशारी केली मी. डॉक्टर नको, तुम्ही कोणी नको, माझी मी निभावून नेते आहे.

इस्त्री मी विसरले नव्हते. इस्त्री हातात असतानाच कानात पाणी भरलं. पोतं पडलं एवढं म्हटलं आणि इस्त्री उभी करायची राहून गेली.

पुढचं काकूंनी सांगितलेलं आहे. त्यांना खाली वास आला. वर आल्या, दार आतून लावलेलं, दाराखालून धूर. त्यांनी बेल वाजवली, मला हाका मारल्या. मग आतून खोकल्याचा आवाज आला, बारीक.

"भिंगरे, दार उघड गं."

"नाही."

"अगं कडी काढ बाळ. येते ना तुला कडी काढायला?"

"येते."

"मग काढ की! स्टूल घे आणि काढ!"

"पोतं पडलंय. मी लाखन कलते."

काकू म्हणतात, त्यांनी गोडीने सांगितलं, ओरडून सांगितलं, खाऊ देते म्हणाल्या, आत चोर आलाय म्हणाल्या. चोराचं नाव काढल्यावर तर आतून आवाजच बंद झाला. चोर आल्यावर कोण राखण सोडेल? मग त्या दार लाथेने ठोकत सुटल्या, या वयात, त्यांचा पाय अजून काळानिळा आहे. त्या ठोकण्याने मला जाग आली. खोलीत पांढरा धूर होता. ती माझ्या पोटावर बसली होती, दोन्ही मुठींत कॉलर, डोळ्यांतून नाकातून पाणी वाहत होतं. मी हात हलवला आणि ती ओरडली, "हललं! पोतं हललं!" आणि टाळ्या वाजवल्या तिने.

ताई, जी मुलगी कुणाच्या बापाचं ऐकून एका जागी बसत नाही, ती धुरात बसून राहिली. दार उघडायला येत असून बसून राहिली. मी बसवली होती तिला. मी सांगितलं होतं, पोतं हलेपर्यंत उठायचं नाही.

लिफ्टवाल्याला मी इस्त्री विसरले असंच सांगितलं.  दुसऱ्या दिवशी काकू साखर मागायला आल्या आणि वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मी आधी चिडून दांड्याने ठोकायचे. मग मला कळायला लागलं, पोरीच्या उड्यांचा आवाज वेगळा आणि हा आवाज वेगळा. हा एकदाच येतो आणि मग वर सगळं शांत होतं. मी खाली बसून ती शांतता मोडायची वाट बघते. तू सांगतेस नवऱ्याला, की मी सांगू?"

तरी मी काही दिवस घालवले. तुला ते दुसरं पत्र त्या दिवसांतच लिहिलं. भिंगरी शहाणी झाली असं लिहिलं ना मी? ती शहाणी झाली नाही. ती आता सारखी राखणीवर असते. मी नुसती डोकं टेकून बसले तरी रिळं टाकून येते. मी दुपारी पडले तर पोटावर येऊन बसते, आणि जेवायला चल म्हटलं तरी उतरत नाही. बागेत एकदा जबरदस्तीने नेली तर घसरगुंडीवर अर्ध्यापर्यंत चढली, मागे वळून मी बसले आहे का बघितलं, आणि खाली उतरून परत आली. दुसरी मुलं पळत होती आणि माझी मुलगी बाकावर माझ्या मांडीला हात लावून बसली होती. बाजूच्या बाईने तिच्या पोराला माझ्या पोरीचं उदाहरण दिलं. त्या दिवशी घरी येऊन मी लिफ्टवाल्याला सगळं सांगितलं.

तो ओरडला नाही. तो जिन्यात जाऊन बसला. मग परत येऊन म्हणाला, "मी दिवसभर लोकांच्या इमारतीत कुठली दोरी झिजली ते बघत फिरतो." एवढंच म्हणाला आणि माझे बूट घालून दिले.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी पडद्यावर दाखवलं. बाळंतपणाच्या सुमाराला काही बायकांच्या हृदयाचा स्नायू सैल पडतो, तसा माझा पडला आहे. जुन्या पायजम्यातलं इलॅस्टिक ताणतं पण परत येत नाही, अगदी तसं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "दम लागायला लागला तेव्हाच का आला नाहीत?" मी म्हटलं, "मला वाटलं लहान मूल असलं की असंच होतं." त्या म्हणाल्या, "सगळ्या हेच म्हणतात." रागाने म्हणाल्या नाहीत. लिहिता लिहिता म्हणाल्या.

औषधं सुरू झाली आहेत. आधी काही दिवस मला दवाखान्यात राहायचं आहे, ठोक्यांवर लक्ष ठेवायला. गरज पडली तर छातीत एक छोटं यंत्र बसवतील. त्यानंतर पूर्ण विश्रांती. जिना नाही, शिवण नाही, आणि मूल उचलायचं नाही. मी म्हटलं, घरात असेल तर मी काळजी घेईन, उचलणार नाही. त्या म्हणाल्या, "समोर रडली की उचलाल. मीही उचलली असती." स्नायू आवळेल की असाच राहील की आणखी सैल होईल, ते त्यांना आज सांगता येत नाही. पावसाळा संपेपर्यंत तरी वाट बघायची.

म्हणून ताई, भिंगरीला घेऊन जा. मागच्या पत्रात कुठेही जाणार नाही म्हणून लिहिलं, तुझ्या वर्मावर बोट ठेवलं, आणि आता हे लिहिते आहे. पण तुझ्याशिवाय मी तिला कोणाकडे देणार नाही.

मी इतके दिवस का लपवलं ते तुला तरी सांगायला हवं. मरणाची भीती नव्हती. तिला घेऊन जाल याची होती. तुला आठवतं, आई आजारी पडली तेव्हा मला मावशीकडे ठेवलं होतं? तुझी शाळा होती म्हणून तू घरी राहिलीस. "थोडे दिवस" म्हणून मला नेलं, आणि ते थोडे दिवस लांबत गेले. मी भिंगरीएवढीच असेन. मला त्यातलं काही आठवत नाही. जे माहीत आहे ते तूच एकदा सांगितलं होतंस. आई बरी होऊन मला न्यायला आली, तेव्हा मी मावशीच्या पायांमागे लपले आणि विचारलं, "ही बाई कोण?" आणि येताना गाडीत आई माझ्याशी परक्या मुलीशी बोलतात तशी बोलत होती. "तुला खिडकीत बसायचंय का? तुला तहान लागलीय का?"  हे तू मला सहज सांगितलंस, गंमत म्हणून, आणि आपण दोघी हसलो होतो. भिंगरी झाल्यापासून मला त्याचं हसू येत नाही. लेकराचा काही दोष नसतो. जो रोज दिसतो, रोज भरवतो, तोच त्याचा.

रविवारी लिफ्टवाला तिला घेऊन तुझ्याकडे येईल. मी जिना उतरणार नाही. ती निघेल तेव्हा मी खुर्चीत ताठ बसून राहणार आहे, हसत, गप्पा मारत. मी आडवी दिसले तर ती निघणार नाही. काकू म्हणाल्या आहेत की त्या माझ्या बाजूला उभ्या राहतील.

आता तुला काही सांगते. तुझ्या सूचना मी इतकी वर्षं ऐकल्या, या माझ्या आहेत. तिला केळं सोलून देऊ नकोस, सोललेलं केळं ती टाकून देते. नखं कापताना गाणं म्हणावं लागतं, कुठलंही चालतं. सुरुवातीला तिच्यापुढे जमिनीवर आडवी होऊ नकोस, गंमत म्हणूनही नाही. झालीस आणि ती येऊन बसली, तर लगेच हल, आणि तिला सांग की या घरात पोती नसतात. मग मैदानावर सोड. ती मागे वळून बघेल. तिला हात दाखव, पण जवळ बोलावू नकोस. पळू दे तिला. शिट्टी वाजव हवं तर. ती मागे वळून बघायचं विसरली असं एखाद्या दिवशी दिसलं, तर मला तेवढं एक कार्ड टाकून कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ती तुला आधी मावशी म्हणेल. मग कधीतरी ती पडेल, गुडघा फुटेल, किंवा झोपेतून दचकून उठेल, आणि तुझ्याकडे बघून आई म्हणेल. ताई, तिला टोकू नकोस. मी मावशी गं, आई तिकडे आहे, असं समजावत बसू नकोस. माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नकोस. तिने हाक मारली की तू ओ दे.

तुझी धाकटी,
आणि अजून तरी तिची आई